दूरस्थ व संमिश्र कार्यगट

दूरस्थ व संमिश्र कार्यगट : एकाच कामाची सामायिक जबाबदारी असलेल्या, परंतु एका छपराखाली बसून काम न करणाऱ्या व्यक्तींच्या समूहास ‘दूरस्थ कार्यगट’ असे म्हणतात. अशा समूहातील काही व्यक्ती मुख्य कार्यालयात वा कारखान्यात व काही बाहेर काम करीत असल्यास, किंवा त्याच व्यक्ती आठवड्यातील काही दिवस कार्यालयात व काही दिवस घरी काम करीत असल्यास, त्या समूहास ‘संमिश्र कार्यगट’ ही संज्ञा लावतात. व्यवहारात ‘वर्क फ्रॉम होम’ व ‘हायब्रिड’ हे शब्द २०२० नंतर सर्वतोमुखी झाले. तथापि या शब्दांनी दर्शविलेली कार्यपद्धती नवी नाही. टपाल, तारायंत्र, रेल्वे, कालवे व साखर कारखाने यांचे काम प्रारंभापासूनच विखुरलेल्या माणसांकडून होत आले आहे.

माणसे एकत्र बसून काम करतात, तेव्हा त्यांना तीन गोष्टी आयत्या मिळतात. पहिली, कोण काय करीत आहे हे दिसते. दुसरी, कामासंबंधीची बातमी न सांगताही कानावर पडते. आणि तिसरी, रोजच्या सहवासाने ओळख व विश्वास वाढतो. अंतर पडले की या तिन्ही गोष्टी एकाच वेळी नाहीशा होतात. त्यांची भरपाई हेतुपूर्वक निर्माण केलेल्या व्यवस्थेने करावी लागते. दिसण्याची जागा नोंदीने, कानावर पडण्याची जागा ठरलेल्या संदेशाने व सहवासाची जागा योजनापूर्वक घडविलेल्या भेटीने घ्यावयाची असते. विखुरलेल्या गटाचे यशापयश मुख्यतः या तीन पर्यायांच्या दर्जावर अवलंबून असते. वापरलेल्या उपकरणाचे महत्त्व त्या मानाने दुय्यम असते.

ऐतिहासिक आढावा : भारतात तारसेवा १८५५ मध्ये सर्वसाधारण जनतेस खुली झाली. तोपर्यंत संदेश माणसाच्या किंवा घोड्याच्या वेगाने जात असे. तारेमुळे संदेश व संदेशवाहक यांची फारकत झाली आणि दूरच्या माणसास त्याच दिवशी आज्ञा देणे शक्य झाले. (तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) मुंबईतील डबेवाल्यांची १८९० मध्ये सुरू झालेली व्यवस्था याच प्रकारात मोडते. तीतील बहुसंख्य माणसे पुणे जिल्ह्याच्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतून आलेली. त्यांचे लहानलहान गट असून प्रत्येक गटास मुकादम असतो. डबा एका हातातून दुसऱ्या हाती जाताना देणारा व घेणारा यांच्यात फारसे बोलणे होत नाही; डब्याच्या झाकणावरील खुणा चढण्याचे स्थानक, उतरण्याचे स्थानक व पोहोचवावयाची इमारत यांची माहिती देतात. खूण सर्वांनी सारखीच वाचली पाहिजे, हा या व्यवस्थेचा पाया होय.

कार्यालयीन कामासंबंधीचा विचार अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात सुरू झाला. जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये कामगाराने कामाकडे जाण्याऐवजी कामच दूरसंदेशवहनाने कामगाराकडे न्यावे, अशी कल्पना मांडली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील त्यांच्या चमूने एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग केले. त्यात कर्मचारी घरी न बसता घराजवळच्या लहान उपकार्यालयांत काम करीत. या संशोधनावरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर वर्षभराने, १९७७ मध्ये, टॉमस ॲलन यांनी अभियंत्यांच्या परस्परसंभाषणाविषयीचे आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. दोन व्यक्तींच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढते तसे त्यांच्यातील संभाषण झपाट्याने घटते आणि ही घट पहिल्या सु. तीस मीटरांतच बव्हंशी होऊन जाते, असे त्यांस आढळले. कामाच्या दृष्टीने वेगळा मजला आणि वेगळे गाव यांत वाटतो तितका फरक नसतो, असा याचा अर्थ होतो.

भारतात २५ मार्च २०२० पासून करोना साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि ज्यांचे काम संगणकावर होऊ शकत होते, त्या कार्यालयांनी ते अल्पावधीत घरोघरी हलविले. पुण्याजवळील हिंजवडी येथील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेक तरुण आपापल्या गावी परतले व तेथून काम करू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने अशा सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवरील अटी शिथिल केल्या, त्यामुळे घरून काम करण्यातील कायदेशीर अडचणी बऱ्याच कमी झाल्या. साथ ओसरल्यावर अनेक संस्थांनी पूर्णतः घरून व पूर्णतः कार्यालयातून यांमधील संमिश्र मार्ग स्वीकारला.

गावी परतलेल्या या तरुणांपैकी जे बारामती व इंदापूर तालुक्यांतील होते, त्यांच्या घरासभोवती दूरस्थ कार्यसंघटनाची दोन जुनी उदाहरणे चालू होती : एक नीरा डाव्या कालव्याचे व दुसरे उसाच्या तोडणीचे. दोहोंचा अभ्यास या विषयाच्या आकलनास उपयुक्त आहे.

नीरा डावा कालवा : इंदापूर तालुका उत्तरेस व पूर्वेस भीमा आणि दक्षिणेस नीरा या नद्यांनी वेढलेला असून नीरा-नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. हा प्रदेश पर्जन्यछायेचा असल्याने येथील शेती कालव्यावर अवलंबून आहे. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागास मिळू लागले. वीर येथून निघून पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून तो सु. १५० किमी. वाहतो [→ कालवे].

पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तरी इतके अंतर कापण्यास सु. ४२ तास लागतात. मुखाशी आज घेतलेल्या निर्णयाचा परिणाम शेवटाला परवा दिसतो. आणि शेवटाला काही बिघडले, तर मुखाशी केलेली दुरुस्ती तेथे पोहोचेपर्यंत आणखी दोन दिवस जातात. म्हणून कालव्याचे काम क्षणोक्षणीच्या हुकमाने चालू शकत नाही. ते आगाऊ ठरविलेल्या वेळापत्रकानेच चालवावे लागते. या वेळापत्रकास ‘शेजपाळी’ असे म्हणतात. शेजपाळी म्हणजे शेजाऱ्यामागून शेजारी या क्रमाने येणारी पाण्याची पाळी.

हंगामापूर्वी पाटबंधारे खाते जाहीर प्रकटन काढते व शेतकरी नमुना क्रमांक ७ वर पाणीमागणीचे अर्ज करतात. मंजुरीनंतर कोणत्या वितरिकेवरील कोणत्या दारातून, कोणास, किती क्षेत्रास व केव्हा पाणी मिळावयाचे यांचे शेजपाळी पत्रक तयार होते. मुख्य कार्यालयातील अभियंता, शाखाधिकारी, कालवा निरीक्षक, मोजणीदार आणि प्रत्यक्ष दारे उघडणारा पाटकरी हा सर्व एक कार्यगटच असतो. पण पाटकऱ्यास वरिष्ठांचे दर्शन क्वचितच घडते. रात्री दोन वाजता चारीवर उभा असलेला पाटकरी व अंगावर घोंगडी घेऊन दारे धरावयास आलेला शेतकरी, यांच्यामध्ये अधिकार म्हणून असतो तो पत्रकाचा. पत्रक जाहीर असेल, तर पाटकऱ्यास बलवान शेतकऱ्यापुढेही ते दाखविता येते. पत्रक केवळ कार्यालयातच असेल, तर पाटकरी एकाकी पडतो. लेखी व सर्वांना ठाऊक असलेला नियम दूरच्या कर्मचाऱ्यास बांधून ठेवतो, त्याचप्रमाणे त्याचे संरक्षणही करतो.

दुसरी व्यवस्था मोजमापाची. दोन शाखांच्या सरहद्दीवर पाण्याची उंची मोजण्याची पट्टी असते. वरच्या शाखेने किती पाणी पुढे सोडले व खालच्या शाखेस किती मिळाले, यासंबंधीचा वाद तेथील नोंदीवरून मिटतो. नोंद उभयपक्षी एकाच पट्टीवरून व ठरलेल्या वेळी घेतली जाणे आवश्यक असते. दोघांनी दोन ठिकाणी केलेल्या दोन नोंदी कितीही प्रामाणिक असल्या, तरी त्यांतून वादच उद्‌भवतात.

अभियंते मो. विश्वेश्वरय्या यांनी मुंबई प्रांताच्या सेवेत असताना नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ सुरू केली. पाणी सर्वत्र पातळ पसरू देण्याऐवजी ठरावीक क्षेत्रांचे गट पाडून त्यांस काही वर्षांसाठी निश्चित पाणी देणे, हे तिचे स्वरूप होते. संघटनेच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की दर वेळी नव्याने घ्यावे लागणारे असंख्य किरकोळ निर्णय एका दीर्घ मुदतीच्या निर्णयात सामावले गेले. दूर असलेल्या माणसांना वारंवार विचारावे लागेल असे प्रश्न मुळातच कमी करणे, हे दूरस्थ व्यवस्थापनाचे महत्त्वाचे साधन आहे.

एवढे असूनही कालव्याची खरी अडचण शेवटालाच दिसते. मुखाजवळच्या शेतकऱ्यास पाणी आधी व भरपूर मिळते, तेथे उसाचे क्षेत्र वाढते आणि शेवटच्या शेतकऱ्याचे पीक आवर्तन संपण्याच्या वेळी कोरडे राहते. ‘टेल’चा शेतकरी हा शब्द या भागात केवळ स्थानवाचक नाही, त्यात एक गाऱ्हाणे आहे. त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्रात आवर्तनाचे पाणी प्रथम शेवटाकडे नेऊन मग मुखाकडे देत यावे, म्हणजे ‘टेल टू हेड’, असा क्रम स्वीकारला गेला. तसेच २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणीवापर संस्थांना वाटपाचे अधिकार देण्याची तरतूद केली. कालव्याची कार्यक्षमता मुखाशी सोडलेल्या पाण्यावरून ठरत नाही. शेवटच्या दारातून किती पाणी बाहेर पडले यावरून ती ठरते. हीच कसोटी कोणत्याही विखुरलेल्या कार्यगटास लावता येते.

उसाची तोडणी व वाहतूक : बारामती व इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणी सहकारी साखर कारखाने आहेत. वालचंदनगरची औद्योगिक वसाहतही साखरेच्या निमित्तानेच उभी राहिली. ऊस तोडल्यापासून त्यातील साखरेचे व्यस्तीकरण होऊ लागते व वजनही घटते. म्हणून तो शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जाणे इष्ट असते [→ ऊस]. दररोज २,५०० टन गाळप करणाऱ्या कारखान्यास तासाला १०० टनांहून अधिक ऊस अखंड लागतो. तो पुरविणाऱ्या टोळ्या अनेक गावांच्या शिवारांत पसरलेल्या असतात. ऊस कमी आला, तर गव्हाण रिकामी पडून यंत्रे थांबतात. अधिक आला, तर वाहनांची रांग लागून ऊस वाळतो. कारखान्याच्या आवारातील पाळीने काम करणारे कामगार व बाहेरील टोळ्या मिळून होणारा हा गट संमिश्र कार्यगटाचे उत्तम उदाहरण होय.

त्याची घडी लागणीच्या नोंदीपासून बसते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा अशा प्रकारांनुसार पिकाचा कालावधी निरनिराळा असतो. आडसाली ऊस पक्व होण्यास सु. सोळा ते अठरा महिने लागतात, तर सुरू उसास सु. बारा. लागणीची तारीख व जात यांची नोंद कारखान्याच्या शेतकी विभागाकडे केली जाते आणि तीवरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. विभागाची गट कार्यालये गावोगाव असतात. तेथील कर्मचारी, ज्यास ‘चिटबॉय’ म्हणतात, तो तोडीची चिठ्ठी देतो. मुकादम टोळी त्या फडात नेतो. भरलेले वाहन कारखान्याच्या वजनकाट्यावर येते व वजनाची पावती शेतकरी, वाहनमालक आणि टोळी या तिघांच्या हिशेबाचा आधार ठरते. एका कागदावर तिघांचा भरवसा असणे, हे या साखळीचे बळ आहे.

तिचा दुबळा दुवाही तितकाच स्पष्ट आहे. टोळ्यांतील कामगार बहुधा बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतील दुष्काळी भागांतून हंगामापुरते येतात. पती-पत्नीची जोडी हे कामाचे एकक असून त्यास ‘कोयता’ म्हणतात. मजुरी टनावर मिळते व हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल तीतून वळती होते. कारखाना जे सांगतो, ते टोळीस मुकादमामार्फतच कळते व टोळीचे म्हणणेही कारखान्यास त्याच्याच तोंडून समजते. वाहन येण्यास उशीर झाला, तर फडात बसून काढलेल्या तासांचा मोबदला बहुधा मिळत नाही. मध्यरात्री वाहन आले, तर बायकांना झोपलेली मुले तशीच ठेवून मोळ्या वाहाव्या लागतात. वाहन उशिरा का आले, हे मात्र त्यांस क्वचितच कळते. वार्ता एकाच व्यक्तीच्या हातून जाऊ लागली की ती व्यक्ती बळावते व तिच्यापलीकडील माणसे आंधळी होतात. दूरस्थ कार्यगटात मध्यस्थ असणे अपरिहार्य असते. परंतु शेवटच्या माणसास मध्यस्थाला वगळून मूळ नोंद पाहता येईल, अशी एक तरी वाट खुली असावी लागते. अलीकडे भ्रमणध्वनीवरून तोडीचा कार्यक्रम व वजन कळविण्याची सोय काही कारखान्यांनी केली आहे. ती शेतकऱ्यापाशीच थांबते की कोयत्यापर्यंत जाते, यावर तिचे मूल्य अवलंबून राहील.

कार्यपद्धतीची तत्त्वे : वरील दोन्ही उदाहरणांत व कार्यालयीन दूरस्थ कामात काही तत्त्वे समान आढळतात.

(१) कामाचा परिणाम ठरविणे : दूरच्या माणसास कामाची रीत कणाकणाने सांगण्याऐवजी अपेक्षित परिणाम, मुदत व दर्जा सांगावा. पाटकऱ्यास ‘सावध राहा’ असे सांगण्यात अर्थ नसतो. कोणते दार किती वाजता उघडावयाचे व केव्हा बंद करावयाचे, हे सांगावे लागते. संगणकावरील कामातही ‘हे बघून ठेवा’ अशी सूचना निरुपयोगी ठरते. काय, कोणी व केव्हापर्यंत, या तिन्हींची उत्तरे सूचनेत असली पाहिजेत.

(२) सामायिक नोंद : निर्णय, त्याचे कारण व त्याची तारीख ही सर्वांना दिसेल अशा एकाच जागी लिहिलेली असावीत. बैठकीत तोंडी ठरलेली गोष्ट लिहून ठेवली नाही, तर अनुपस्थितांच्या दृष्टीने ती ठरलेलीच नसते. साखर कारखान्यात पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्यासाठी यंत्राची स्थिती नोंदवहीत लिहून ठेवतो. निरनिराळ्या वेळी काम करणाऱ्या दूरस्थ गटांनी अनुसरण्याजोगा हा प्रघात आहे.

(३) संदेशांचे वर्गीकरण : तातडीचा, दिवसभरात उत्तर अपेक्षित असलेला आणि केवळ माहितीसाठीचा, असे संदेशांचे तीन वर्ग करून प्रत्येकासाठी साधन ठरवून द्यावे. तातडीसाठी दूरध्वनी व उरलेल्यांसाठी लेखी संदेश, ही साधी विभागणी बहुधा पुरते. सर्व संदेश एकाच मार्गाने आले, तर सारेच तातडीचे भासतात. मग कर्मचारी दिवसभर उत्तरे देत राहतो व मूळ काम रात्रीवर ढकलले जाते.

(४) प्रत्यक्ष भेट : विश्वासाची सुरुवात समक्ष ओळखीने झाली, तर तो पुढे दूर राहूनही टिकतो. म्हणून नव्या माणसाचे पहिले काही आठवडे अनुभवी सहकाऱ्याजवळ जावेत व पुढेही ठरावीक काळाने सर्वांची गाठ पडावी. भेटीचा वेळ अहवाल वाचण्यात घालवू नये. जे लिहून कळविता येत नाही, म्हणजे मतभेद, शंका व गाऱ्हाणी, त्यांसाठी तो राखून ठेवावा. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी होणाऱ्या समाजआरतीचा प्रघात या संदर्भात लक्षणीय आहे. चोपदाराने दंड उंचावला की सर्व दिंड्या शांत होतात. जिची तक्रार असेल, ती दिंडी मात्र टाळ वाजवीत राहते आणि चोपदार तिच्याकडे जाऊन तक्रार समजावून घेतो. दिवसभर रस्त्यावर लांबवर पसरलेल्या समुदायास रोज एकदा एकत्र आणून त्यातील असंतुष्टाचे आधी ऐकणे, ही संघटनेची मोठी युक्ती होय.

(५) देखरेखीची मर्यादा : माणूस दिसत नाही म्हणून त्याच्या संगणकावरील प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारी साधने काही संस्था वापरतात. अशा नोंदीवरून माणूस जागेवर असल्याचे कळते. काम झाल्याचे कळत नाही. शिवाय अविश्वासाची जाणीव झालेला कर्मचारी कामाऐवजी कामाचा देखावा करू लागतो. कालव्याच्या पट्टीवर पाणी मोजतात, पाटकऱ्याची पावले मोजीत नाहीत. हा विवेक येथेही आवश्यक आहे.

संमिश्र गटांचे विशेष प्रश्न : पूर्णतः दूरस्थ गटात सर्वच सारखे दूर असतात, त्यामुळे लिहून कळविण्याची सवय सर्वांना लागते. संमिश्र गटात मात्र जवळचे व लांबचे असे दोन थर पडतात. कार्यालयातील चौघे चहाच्या वेळी एखादी गोष्ट ठरवितात व पाचव्यास ती तिसऱ्या दिवशी कळते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. मुखाजवळच्या शेतात पाणी जसे आपोआप मुरते, तशीच वार्ता जवळच्यांत मुरते. म्हणून संमिश्र गट चालविणे हे पूर्णतः दूरस्थ गट चालविण्याहून अवघड असते.

यासंबंधी चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीत झालेले दोन प्रयोग उद्‌बोधक आहेत. पहिला शांघाय येथील दूरध्वनी केंद्रात २०१०-११ मध्ये नऊ महिने चालला. आठवड्यातील चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी सु. १३ टक्क्यांनी वाढली व नोकरी सोडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु कामगिरीच्या तुलनेत त्यांस बढती मात्र कमी मिळाली, आणि एकाकीपणामुळे बऱ्याच जणांनी पुढे कार्यालयात परतणे पसंत केले. दुसरा प्रयोग २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर झाला. त्यात आठवड्यातील दोनच दिवस घरून काम होते. नोकरी सोडण्याचे प्रमाण सु. एकतृतीयांशाने घटले व कामगिरीवर अथवा बढतीवर विपरीत परिणाम आढळला नाही. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोहोंचा एकत्र विचार करता, अंतर थोडे व ठरावीक असेल आणि भेटीचे दिवस निश्चित असतील, तर लाभ राहून हानी टळते, असे म्हणता येते.

संमिश्र गटाने पाळावयाचे नियम यावरून सुचतात. कार्यालयात येण्याचे दिवस प्रत्येकाने स्वतंत्र न निवडता गटाने मिळून ठरवावेत. अन्यथा माणूस प्रवास करून येतो व रिकाम्या टेबलांशेजारी बसून दूरध्वनीवरच बोलतो. बैठकीस एक जण जरी दूरवरून हजर असला, तरी सर्वांनी ती दूरस्थ बैठक मानावी, कागदपत्रे आधी पाठवावीत व बोलण्याची पहिली संधी दूरच्या सदस्यास द्यावी. बढती, प्रशिक्षण व महत्त्वाची कामे यांच्या वाटपाचा वर्षातून एकदा आढावा घेऊन ती जवळच्यांकडेच गेली की काय, हे तपासावे. पाणी शेवटाकडून द्यावयास सुरुवात करण्याचे तत्त्व ते हेच.

दोष व मर्यादा : दूरस्थ काम सर्वांना सारखे सुलभ नसते. स्वतंत्र खोली, अखंड वीज व भरवशाचे इंटरनेट ही त्याची पूर्वअट आहे. वाडीवस्तीवर यांपैकी एक तरी गोष्ट वारंवार अडते. एकत्र कुटुंबात घरी बसलेला माणूस मोकळा आहे, अशी समजूत असते. स्त्रियांच्या बाबतीत ती अधिक जाचक ठरते. स्वयंपाक, पाहुणे व मुलांचा अभ्यास ही कामे नोकरीच्या तासांतच येऊन पडतात. प्रवासाचा वेळ व शहरातील घरभाडे वाचते हे खरे. पण काम व घर यांतील सीमारेषा पुसली जाऊन कामाचे तास वाढत जातात. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मुक्त राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने मान्य झाला. भारतात अशा हक्कासाठीचे खाजगी विधेयक बारामती मतदारसंघाच्या सदस्या सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

शिवाय अनुभवी माणसाचे काम पाहत पाहत शिकण्याची संधी दूरस्थ पद्धतीत उणावते. उमेदवार अभियंत्यास ग्रंथातून मिळणारे ज्ञान घरी मिळू शकते. परंतु चूक झाल्यावर वरिष्ठ ती कशी शोधतो, हे शेजारी बसल्यावाचून कळणे कठीण असते. त्यामुळे नवशिक्यांचे प्रमाण अधिक असलेल्या गटांस पूर्णतः दूरस्थ पद्धती मानवत नाही.

मूल्यमापन : दूरस्थ व संमिश्र कार्यपद्धतीने ग्रामीण भागातील शिक्षित तरुणांस गाव न सोडता वा अधूनमधून शहरात जाऊन नोकरी टिकविण्याचा पर्याय दिला आहे. इंदापूरसारख्या तालुक्यातून शिक्षणानंतर पुण्या-मुंबईकडे जाणे हाच एक मार्ग असल्याची समजूत त्यामुळे काहीशी सैल झाली. परंतु हा पर्याय टिकावयाचा, तर गावी बसलेला कर्मचारी कार्यालयाच्या दृष्टीने ‘टेल’चा शेतकरी ठरता कामा नये. त्याच्यापर्यंत निर्णय वेळेवर पोहोचतो काय, त्याचे गाऱ्हाणे मध्यस्थावाचून मुख्य कार्यालयास कळते काय आणि त्याच्या कामाचे माप जवळच्याच्याच पट्टीने घेतले जाते काय, हे तीन प्रश्न उपकरणांच्या निवडीहून अधिक महत्त्वाचे आहेत. कालवा असो, ऊसतोड असो वा संगणकावरील काम असो, शेवटच्या माणसापर्यंत काय पोहोचले यावरूनच विखुरलेल्या कार्यगटाच्या संघटनेची परीक्षा होते.